थंडीनंतर हरळीच्या मैदानाची दुरुस्ती
बार्शीटाकळीसारख्या वऱ्हाडातल्या गावी मैदानाला बर्फाचे भय नाही. मात्र थंडीच्या कडाक्यात हरळीची वाढ थांबते आणि ती पिवळी पडते. कांडे मोडून पाहावे. आत ओल व हिरवट-पांढरा गर असेल तर ती जिवंत असते.

रात्री उबदार होऊ लागल्यावर, फेब्रुवारीअखेर दुरुस्ती सुरू करावी. वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा. काळी माती तुडवल्याने घट्ट बसते, म्हणून उघडी जागा 5 ते 7 सेंमी खणून वाळू व चाळलेले शेणखत मिसळावे. दोन-तीन पेरांचे तुकडे, एक पेर वर ठेवून, लावावेत. माती दाबून रोज हलके पाणी द्यावे. हिरवे फुटवे दिसल्यावरच थोडा युरिया टाकावा. पहिल्या कापणीत पात्याचा वरचा एक-तृतीयांश भागच काढावा. धावते फुटवे एकमेकांत मिसळेपर्यंत तिथे खेळ बंद ठेवावा.