इस्लामी स्वप्नार्थशास्त्रातील हिरवा रंग

इस्लामी स्वप्नार्थशास्त्रात हिरवा रंग सामान्यतः शुभ मानला जातो. धर्मनिष्ठा, उपासनेतील वृद्धी, सुबत्ता आणि मृत व्यक्तीची परलोकातील उत्तम अवस्था यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र परंपरेतील ग्रंथांत या रंगाला स्वतंत्र व ठरावीक अर्थ नाही. तो कोणत्या वस्तूवर दिसला, ती वस्तू ताजी होती की सुकलेली आणि स्वप्न कोणाला पडले, यांवर अर्थ ठरतो. स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या या विद्येला अरबीत ‘ताबीर’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘ओलांडून पलीकडे जाणे’ हा भाव आहे. हाच शब्द फारसी आणि उर्दू भाषांतही रूढ आहे.

पार्श्वभूमी

हदीसनुसार स्वप्ने तीन प्रकारची असतात: ईश्वराकडून मिळालेली शुभवार्ता, सैतानाकडून येणारे भयप्रद स्वप्न आणि मनुष्याच्या स्वतःच्याच मनातील विचारांचे प्रतिबिंब. यांपैकी केवळ पहिला प्रकार अर्थ लावण्यास योग्य समजला जातो. श्रद्धावंताचे चांगले स्वप्न हा पैगंबरत्वाच्या ४६ भागांपैकी एक भाग होय, असेही हदीसमध्ये म्हटले आहे. त्यामुळे स्वप्नातील चिन्हांचा अर्थ शोधताना प्रथम कुराण आणि हदीस यांचा आधार घेण्याची पद्धत पडली. हिरव्या रंगाचा अर्थही याच दोन आधारांवर उभा आहे.

कुराणातील आधार

कुराणातील सूरा यूसुफमध्ये (१२:४३) इजिप्तच्या राजाचे स्वप्न आले आहे. त्यात सात पुष्ट गायींना सात रोड गायी खातात आणि सात हिरव्या कणसांबरोबर काही वाळलेली कणसे दिसतात. यूसुफ याचा अर्थ सांगतात, की सात वर्षे पीक चांगले येईल, त्यानंतर सात वर्षे कठीण जातील आणि मग पावसाचे वर्ष येईल. सुकाळाच्या वर्षांतील धान्य कणसांतच राखून ठेवावे, असा सल्लाही ते देतात. येथे हिरवेपणा हे सुबत्तेचे, तर शुष्कता हे टंचाईचे लक्षण आहे.

स्वर्गाच्या वर्णनांतही हा रंग वारंवार येतो. स्वर्गवासीयांची वस्त्रे हिरव्या रेशमाची असतील, असे सूरा अल-कहफ (१८:३१) आणि सूरा अल-इन्सान (७६:२१) यांत म्हटले आहे. सूरा अल-हज्जमध्ये (२२:६३) पावसाने हिरवीगार होणारी भूमी ही ईश्वराच्या सामर्थ्याची खूण म्हणून सांगितली आहे.

हदीसमधील स्वप्ने

इमाम बुखारी (८१०–८७०) यांच्या हदीससंग्रहातील स्वप्नविषयक ग्रंथात ‘स्वप्नातील हिरवा रंग आणि हिरवी बाग’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पैगंबरांचे सहकारी अब्दुल्ला इब्न सलाम यांचे स्वप्न दिले आहे. त्यांना हिरव्या बागेत एक खांब उभारलेला दिसला. खांबाच्या टोकाला एक कडी होती. ते वर चढले आणि त्यांनी ती कडी घट्ट धरली. अब्दुल्ला मृत्यूपर्यंत इस्लामवर दृढ राहतील, असा अर्थ मुहम्मद पैगंबरांनी सांगितला. अन्य पाठात बाग म्हणजे इस्लाम आणि खांब म्हणजे इस्लामचा आधारस्तंभ, असा खुलासाही आढळतो.

अजानच्या प्रारंभाशीही असेच एक स्वप्न निगडित आहे. लोकांना नमाजासाठी कसे बोलवावे, याचा विचार मदीनेत चालू असताना अब्दुल्ला इब्न झैद यांना स्वप्नात हिरवी वस्त्रे परिधान केलेला एक मनुष्य दिसला. त्याच्या हाती, ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या सूचनेसाठी वापरत तसे, ठोकून वाजवायचे साधन होते. अब्दुल्लांनी ते विकत मागितले, तेव्हा त्याने त्याहून चांगली गोष्ट म्हणून अजानचे शब्द शिकवले. पैगंबरांनी हे स्वप्न सत्य ठरवले आणि बिलाल यांना अजान देण्यास सांगितले.

या दोन्ही प्रसंगांत रंगाचा वेगळा अर्थ सांगितलेला नाही. पहिल्यात अर्थ बागेचा आणि खांबाचा लावला आहे, तर दुसऱ्यात संदेश शब्दांतूनच मिळतो.

स्वप्नग्रंथांतील अर्थ

उपलब्ध अरबी स्वप्नग्रंथांपैकी सर्वांत प्राचीन मानल्या जाणाऱ्या ग्रंथांत इब्न कुतैबा (८२८–८८९) यांच्या ग्रंथाची गणना होते. या विषयातील सर्वाधिक प्रसिद्ध नाव बसरा येथील इब्न सिरीन (मृत्यू ७२९) यांचे आहे. परंतु त्यांच्या नावावर प्रचलित असलेले ग्रंथ त्यांच्यानंतर शतकांनी संकलित झाले. दमास्कसचे अब्दुल गनी अल-नाबुलसी (१६४१–१७३१) यांनी स्वप्नचिन्हांचा वर्णानुक्रमे रचलेला विस्तृत कोश लिहिला.

इब्न सिरीन यांच्या नावावरील संकलनानुसार हिरवी वस्त्रे हे धर्मबळाचे आणि उपासनेतील वाढीचे लक्षण आहे. जिवंत व्यक्तीने ती परिधान केलेली दिसल्यास वारसा मिळण्याची, तर मृत व्यक्तीच्या अंगावर दिसल्यास तिला हौतात्म्याचा दर्जा लाभल्याची सूचना मानली जाते. हुतात्म्यांचे आत्मे हिरव्या पक्ष्यांच्या उदरात असतात, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये सांगितले आहे.

तथापि हिरवी प्रत्येक वस्तू शुभ नसते. कांदा, लसूण यांसारख्या भाज्या अनेक ठिकाणी चिंतेचे किंवा दुःखाचे चिन्ह मानल्या आहेत. इस्रायलच्या लोकांनी ईश्वरदत्त अन्न सोडून भाजीपाला मागितला, या कुराणातील प्रसंगाशी (२:६१) हा अर्थ सुसंगत आहे.

इतर रंगांशी तुलना

पिवळी वस्त्रे बहुधा आजार सुचवतात. कुराणातही पिकाचे पिवळे पडणे हे ऐहिक जीवनाच्या नश्वरतेचे उदाहरण आहे (५७:२०). काळा रंग तो नेहमी परिधान करणाऱ्यास प्रतिष्ठेचा, तर इतरांस दुःखाचा मानला जातो. पांढरा रंग सामान्यतः शुभ समजला जातो.

अर्थ लावण्याचे नियम आणि मर्यादा

एकाच स्वप्नाचे दोन व्यक्तींसाठी भिन्न अर्थ होऊ शकतात. दोघांनी स्वप्नात अजान दिल्याचे सांगितले असता इब्न सिरीन यांनी एकाला हज घडेल, तर दुसऱ्यावर चोरीचा आळ येईल असे सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. दोघांच्या आचरणातील फरक हे त्याचे कारण होते.

स्वप्नाला धार्मिक कायद्यात पुराव्याचे स्थान नाही. शाबान महिन्याच्या ३० व्या रात्री चंद्रदर्शन झाले नसताना, रमजान सुरू झाल्याचे पैगंबरांनी स्वप्नात सांगितले तरी त्या आधारे उपवास धरता येत नाही, असे इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी नमूद केले आहे. चांगले स्वप्न केवळ प्रिय किंवा जाणत्या व्यक्तीस सांगावे आणि वाईट स्वप्न कोणालाही सांगू नये, असा संकेत आहे. त्यामुळे हिरवा रंग दिसणे ही परंपरेनुसार आशादायक खूण ठरते. कोणत्याही निर्णयाचा आधार ठरत नाही.