पुन्हा पुन्हा उठणारं पित्त

अंगावर गांधी, चेहरा लाल, पोटात कळा, कधी भोवळ. आपल्याकडे ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि बहुतेकदा ते साधंच असतं. पण असा त्रास वारंवार आणि एकाच वेळी अनेक अवयवांना झाला, तर मास्ट पेशींचा विचार व्हायलाच हवा. पॉल एर्लिख यांनी १८७८मध्ये वर्णन केलेल्या या पेशी हिस्टामिन आणि ट्रिप्टेज ही द्रव्यं सोडतात आणि त्यातून असा त्रास होतो. ट्रिप्टेजची रक्ततपासणी मोलाची, मात्र वेळ चुकली की उपयोग कमी: पहिला नमुना त्रास सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत, दुसरा सगळं शमल्यावर किमान २४ तासांनी. म्हणून सेलूत राहत असाल, तर परभणी किंवा संभाजीनगर गाठेपर्यंत थांबू नका. रक्त सेलूतच काढून प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगा. श्वास अडकला किंवा शुद्ध हरपू लागली, तर आधी दवाखान्यात अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, नमुना नंतर.