‘सामना’ला पन्नास वर्षं झाली, मारुती कांबळे अजून विसरला नाही, सिनेमा ‘कल्ट’ होतो म्हणजे नक्की काय होतं?

पुणे : हल्ली नवा सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला ‘कल्ट क्लासिक’ म्हणायला सुरुवात होते. वाचणाऱ्याला वाटतं, सुपरहिटचाच हा मोठा भाऊ असावा. तसं नाही. सुपरहिट गल्ल्यावर ठरतो आणि त्याचा हिशेब महिना-दोन महिन्यांत लागतो. कल्ट ठरायला दहा-वीस वर्षं जावी लागतात, आणि ते निर्मात्याच्या हातात नसतं.

‘कल्ट’चा मूळ अर्थ पंथ. वारकऱ्याला पंढरपूर ठाऊक असतं, तरी तो दरवर्षी जातो. तसंच या सिनेमांचं. गोष्ट पाठ असते, शेवट माहीत असतो, तरी माणसं पुन्हा बघतात, दुसऱ्याला दाखवतात आणि त्यातलं बोलणं रोजच्या बोलण्यात वापरतात.

मास्तर, डॉक्टर आणि माळी

मराठीत याचं चांगलं उदाहरण म्हणजे 1975 सालचा ‘सामना’. निर्माते रामदास फुटाणे मूळचे जामखेडचे, व्यवसायाने चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्यामागे कुठली मोठी फिल्म कंपनी नव्हती. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना होता. हा त्यांचा पहिलाच सिनेमा. लेखन विजय तेंडुलकरांचं. प्रमुख भूमिकेतले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, तर समोरचे निळू फुले एकेकाळी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले.

ही मंडळी अचानक जमलेली नव्हती. डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं, त्यावरून मोठा वाद झाला. तेंडुलकर, जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि संगीतकार भास्कर चंदावरकर तिथेच एकत्र आले होते. म्हणजे पैसा कमी असला तरी एकमेकांची सवय असलेली टोळी तयार होती. कमी पैशातल्या सिनेमाचं खरं भांडवल हेच असतं.

गोष्ट आपल्याच शिवारातली

हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा मालकासारखा वागणारा पुढारी. त्याच्या गावात एक दारूडा, फाटका मास्तर येतो. पाटील त्याला ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तरच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. हा माणूस गावातून नाहीसा झालाय आणि कुणी तोंड उघडत नाही. मास्तर एकच प्रश्न धरून बसतो : मारुतीचं झालं काय?

ज्या काळात सहकारी कारखान्यांनी खेड्यात रस्ते, शाळा, दवाखाने आणले, त्याच काळात कारखान्याच्या चेअरमनपुढे बोलायची सोय उरली नाही. ऊस घालायचा त्याच कारखान्यात, पोराला नोकरी मागायची त्याच माणसाकडे. हे सगळ्यांना कळत होतं. पडद्यावर मात्र ते इतक्या उघडपणे कुणी मांडलं नव्हतं.

‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण बर्लिनला गेलेले आणि नंतर कुणाला आठवतही नाहीत, असे सिनेमे कितीतरी आहेत. त्याच वर्षी दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आला होता. गर्दीचंच माप लावलं तर ‘सामना’ त्याच्या शेजारी बसत नाही.

टिकला तो त्या प्रश्नामुळे. आजही एखादं प्रकरण दाबलं गेलं, एखाद्या तक्रारदाराचा पत्ता लागेना झाला, की मारुती कांबळेचं नाव निघतं. सिनेमा न पाहिलेला माणूसही ते वापरतो. कल्ट होण्याची ही पक्की खूण.

बाकी ठिकाणी काय झालं?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले कुंदन शहा यांनी सरकारी फिल्म महामंडळाच्या थोड्या पैशांत 1983 साली ‘जाने भी दो यारो’ केला. पूल, बिल्डर आणि लाचखाऊ अधिकारी यांच्यावरची ही कॉमेडी दूरदर्शनमुळे घरोघरी गेली. 2012 साली दुरुस्त केलेली प्रत पुन्हा थिएटरला लागली, तेव्हा पहिल्या प्रेक्षकांची पोरं मोठी झाली होती.

अमेरिकेत 1975 सालचा ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ आधी पडला. 1976 पासून न्यूयॉर्कच्या एका थिएटरने तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली. लोक पात्रांसारखे कपडे घालून यायला लागले, पडद्याबरोबर ओरडून संवाद म्हणायला लागले.

तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच. सिनेमा पुन्हा पाहण्याची सोय झाली : कुठे थिएटरवाला, कुठे फिल्म सोसायटी, कुठे टीव्ही, आता मोबाईल. आणि पाहणाऱ्याला त्यात आपलं काहीतरी सापडलं. सोय नसेल तर चांगला सिनेमाही डब्यात कुजतो. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते यासाठीच. प्रत जपली तरच पुढची पिढी पाहणार.

तेव्हा कुणी नव्या सिनेमाला ‘कल्ट’ म्हणालं तर घाई करू नये. दहा वर्षांनी पारावर, एसटीत, ग्रामसभेत त्यातलं एखादं नाव कुणी न सांगता निघतं का, ते बघावं. मारुती कांबळेचं निघतं. ते निघायची वेळ अजून येते, ही मात्र सिनेमावाल्यांपेक्षा आपण विचार करायची गोष्ट आहे.