परीक्षार्थी आणि त्याचा श्वास

अकोल्याला आणि अमरावतीला डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात. खोली भाड्याची, डबा खानावळीचा आणि क्लासची फी पुष्कळदा बापाच्या कपाशीची नाहीतर कर्जाची. अशा मुलाला "मन एकाग्र कर" असे सगळेच सांगतात. ते कसे करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. तेवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

वऱ्हाडाला हा विषय परका नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात सामुदायिक ध्यान-प्रार्थनेची शिस्त घालून दिली. दुसरी वाट त्या वेळच्या ब्रह्मदेशातून आली. रंगूनच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेले आणि पुढे त्या खात्याचे प्रमुख झालेले ऊ बा खिन कचेरीतल्या माणसांना विपश्यना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ती भारतात आणली. इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे मोठे केंद्र. तिची पहिली पायरी म्हणजे आनापान. 'मित्र उपक्रमा'तून ती महाराष्ट्रातील शाळांतही पोचली.

कृती साधी आहे. पाठ सरळ ठेवून बसावे, डोळे मिटावे आणि नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास दहा मिनिटे नुसता पाहावा. तो लांबवू नये, रोखू नये. मन निकालाकडे पळेल, घराकडे पळेल. पळाले असे कळताच, न रागावता, त्याला परत आणावे. मन पळाले म्हणजे साधना फसली, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक हे परत आणणे हाच व्यायाम. एका जोराने दंड भरत नाहीत, हे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावाला आम्ही काय सांगावे?

भीतीने छाती धडधडते, पाठ केलेले ऐनवेळी आठवत नाही. शांत बसले की श्वास आपोआप संथ होतो, धडधड उतरते आणि समोरचा प्रश्न नीट वाचता येतो. लाभ एवढाच, पण तो थोडा नव्हे.

मात्र आमची हयात संघटनेत गेली, म्हणून एक इशारा देतो. बारा तास राबणाऱ्या मजुराला तास कमी न करता "श्वास पाहा" म्हणणे ही थट्टा होय. ध्यानाने फी उतरत नाही, जागा वाढत नाहीत. त्यासाठी मिळून मागणीच करावी लागते. मुलाला झोप हवी, आणि "नापास झालास तरी घर तुझेच आहे" हा बापाचा शब्दही हवा. डोळे मिटल्यावर घाबरेपणा वाढला, तर ध्यान थांबवावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर मुळीच वाट पाहू नये. डॉक्टर गाठावा किंवा १४४१६ या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर बोलावे.

आपले ओझे कोणते आणि लादलेले कोणते, हे स्थिर मनालाच दिसते. आपले उचलावे, लादलेले चारचौघांत बोलून दाखवावे.