बोरू, दौत आणि चॅटबॉट

हैदराबादेत माधापूरच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. नवं काही आलं की ते कुठे फसतं हे शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे नव्या साधनांचं मला वावडं नाही. पण संध्याकाळी अमीरपेटला मेट्रो बदलून सुलतान बाजारातल्या घरी पोचले, की फोन दुसऱ्या खोलीत जातो आणि मी बोरू, दौत आणि मोडीचा कित्ता घेऊन बसते.

मोडी ही मराठीची धावती लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली होता होईतो हात न उचलता अक्षरं लावत जायची. शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकारही एकच. आमचं घराणं नांदेडकडचं, आणि मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आजोबांच्या ट्रंकेत पटवाऱ्याच्या हातचे मोडी कागद निघाले, त्यातल्या एकावर फसली १३१२, म्हणजे इसवी १९०२-०३. वाचणारं घरात कुणीच उरलं नव्हतं.

पहिला विचार अर्थातच ऑनलाइनचा. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, ७९ चिन्हांची. त्यामुळे फॉन्ट आले, आणि ‘अक्षरमुख’सारख्या साधनात देवनागरी टाकली की मोडी मिळते. हे मी रोज वापरते. माझा कित्ता तसाच छापलेला असतो. पण फॉन्टमधली अक्षरं सुटी, शहाण्यासारखी उभी असतात. पटवाऱ्याची एकमेकांच्या अंगावर पडतात. ‘र’ घ्या. शेजारी कोणतं अक्षर आहे त्याप्रमाणे तो रूप बदलतो, आणि ते का बदलतं हे पाहून कळत नाही. बोरू तिथवर नेला, की मनगट आपोआप त्याच वळणावर येतं. मोडी वाचायची तर आधी गिरवली पाहिजे, या मताला मी आता घट्ट धरून आहे.

एका चॅटबॉटला मी शेतसाऱ्याच्या पावतीचा फोटो दिला. त्याने चिरंजीवांस आशीर्वाद, घरची खुशाली, पाऊसपाणी असं झकास पत्र काढून दिलं. मूळ कागदावर त्यातला एक शब्दही नव्हता! आमच्या धंद्यात बंद पडणारा प्रोग्रॅम परवडतो, असा गोड बोलणारा नाही. यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचं कामही होतंय म्हणा: आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी पानांच्या २,००० हून अधिक प्रतिमा देवनागरी वाचनासह जमवल्या. यंत्र शिकेलही.

मला घाई नाही. पेशवाईतल्या कागदांच्या छापील नमुन्यांवर सराव करताना तारखा लावायला तर फारच मजा येते. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे तिथीचा आकडा, मग रबिलावल किंवा जिल्हेज. हैदराबादेत वाढलेल्याला हे महिने शिकवावे लागत नाहीत, ते गल्लीतच ऐकलेले असतात. सालं अरबी आकड्यांत: इहिदे सितैन मया अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. हे ११६१ झालं शुहूर सन. त्यात ५९९-६०० मिळवले की १७६०-६१, पानिपताचं साल. ही बेरीज करून देणारी साधनं आहेत, पण मी बोटांवर करते.

बोरू बोथट झाला, की आबिड्सच्या डेक्कन पेन स्टोअर्समध्ये डोकावते. दुकान १९२८ पासूनचं. जाड निबेने मोडी बरी उतरते, पण बोरूची सर नाही.

पावतीतल्या ‘मौ॥’ नंतरचं, म्हणजे मौजे कुठलं ते, गावाचं नाव अजून लागत नाही. नांदेडच्या काकांना फोटो पाठवला, तर म्हणाले, “फोटोत काय दिसतंय, कागद घेऊन ये.” दसऱ्याला जाणार आहे.