हातात विळा धरून उभं राहा!

दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ६५ मिलिमीटर. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरसे लावून दाखवलं. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांची सुटसुटीत पेटी केली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि अशा पेटीचं, म्हणजे स्टिरिओस्कोपचं, वेड पसरलं.

बहुतेकांना त्यात आल्प्स किंवा रोमचे भग्नावशेष हवे असत. लंडनचा छायाचित्रकार टी. आर. विल्यम्स मात्र एका खेड्यात गेला. १८५० च्या दशकातल्या त्याच्या ५९ जोडचित्र-कार्डांच्या मालिकेत शेतं, घरं, कामं करणारी माणसं आहेत. कार्डामागे पद्य आहे. गावाचं नाव मात्र त्याने सांगितलं नाही. २००३ मध्ये ‘क्वीन’ या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने ते शोधलं: ऑक्सफर्डशायरमधलं हिंटन वॉल्ड्रिस्ट.

तेव्हा काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि काही सेकंद कुणी हलून चालत नसे. म्हणजे चालता विळा टिपणं अशक्यच. आपल्याला दिसते ती कापणी नव्हे, कापणीचा पवित्रा. याला कुणी खोटेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. ज्याने जन्मभर विळा चालवला, त्याची कंबर थांबवली तरी कापणीसारखीच वाकते. भिंगांतून पाहताना अवजार आणि हात पुढे येतात, शेत मागे सरकतं. हे साध्या फोटोला जमत नाही. शिवाय डुकरांच्या कोंडवाड्यापाशी उभा असलेला जॉन सिम्स कार्डावर नावानिशी आहे.

माणसाला असं नावानिशी दाखवणं पुढे टिकलं नाही. अमेरिकन डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८६१ च्या सुमारास हातात धरायचा साधा दर्शक बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. दर्शक स्वस्त झाला, अमेरिकेत कार्डांचा कारखानाच सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातली कीस्टोन कंपनी (१८९२) शाळांना संचच्या संच विकू लागली: कापूस, कोळसा, पोलाद. मागच्या मजकुरात मालाची माहिती भरपूर. यंत्रापाशी उभा मजूर बहुधा निनावी. यंत्र केवढं आहे ते कळावं म्हणून तो जणू तिथे उभा केलेला.

नावं पुन्हा आली ती दुसऱ्याच वाटेने. १९०८ पासून छायाचित्रकार लुईस हाइन बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्यांमध्ये शिरू लागला. त्याचे फोटो सपाट, एकाच भिंगाचे. पण तो मुलांची नावं नि वयं टिपून घेई, आणि उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजे.