आधी कॉलेज, मग धर्म

चर्चने काढलेले कॉलेज विदर्भाला नवे नाही. नागपूरचे हिस्लॉप १८८३चे, मूळ स्कॉटिश मिशनचे. पण मिशनने इतरांसाठी काढलेले कॉलेज वेगळे आणि वंचितांच्या स्वतःच्या हातातले कॉलेज वेगळे.

हा फरक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना लवकर उमगला. ओहायोतले विल्बरफोर्स १८५६ साली मेथॉडिस्ट चर्चने त्यांच्यासाठी काढले. यादवी युद्धात ते बंद पडले. १८६३ मध्ये बिशप डॅनियल पेन यांनी ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चसाठी १०,००० डॉलरला विकत घेतले. गुलामगिरी देशभर कायद्याने संपायला तेव्हा आणखी दोन वर्षे होती! या समाजाजवळ स्वतःची म्हणावी अशी संघटित जागा चर्चचीच होती. मोअरहाऊस कॉलेजचे पहिले वर्गही १८६७ मध्ये एका बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात भरले.

आपल्याकडे असे तळघर कुठून येणार? काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करूनही दार उघडले नाही. ते देऊळ कॉलेज कसले काढून देते! म्हणून बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच जूनमध्ये मुंबईत पहिले कॉलेज सुरू झाले. नाव सिद्धार्थ. धम्मदीक्षेला अजून दहा वर्षे होती. तिकडे चर्चने कॉलेज जन्माला घातले. इकडे कॉलेज आधी आले, धर्मांतर मागून.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉइस स्वतः अशाच फिस्क विद्यापीठात शिकलेले आणि विल्बरफोर्सला शिकवलेले. ३१ जुलैला त्यांचे उत्तर आले.

आमच्या पुसदहून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की पूर्वी निजामाचा मुलूख लागे. त्या मराठवाड्यात तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. तिथे, औरंगाबादला, जून १९५० मध्ये सोसायटीचे दुसरे कॉलेज निघाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. या कॉलेजला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ नाव दिले आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन उत्तरे देणारा भिक्खू. कॉलेजला नाव उत्तर देणाऱ्याचे न देता विचारणाऱ्याचे दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पुढे प्राचार्य झालेले म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचा, असे ते दलित लेखकांना सांगत. नागपूरहून आलेले गंगाधर पानतावणे इथे मराठी शिकवत. १९६७ साली याच वर्तुळातून ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले, आणि दलित साहित्याचे एक पिढीभर घर बनले.